रॅम महागली, विंडोज १० संपलं: जुन्या डेस्कटॉपचं काय करायचं?

संगणक कधी बदलावा असं दुकानदाराला विचारलं, तर उत्तर येतं, ‘आत्ताच.’ घरातल्या हौशी भाच्याला विचारलं, तर तो म्हणतो, ‘मामा, थांब, पुढची सिरीज येतेय.’ दोघंही वर्षाचे बारा महिने हेच सांगतात, त्यामुळे दोघांचंही ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं. बाजाराकडे बघण्याआधी टेबलाखालचा डबा तपासावा लागतो.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच मशीन धरू. तालुक्याच्या गावातलं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, फ्लेक्स, क्लासेसची हँडबिलं, अधूनमधून एखादा प्रबंध. २०१७ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप: इंटेलचा आय५-७४०० प्रोसेसर, एच११० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी, १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. त्यावर कोरलड्रॉ, फोटोशॉप, मराठी फॉन्टसाठी श्री-लिपी आणि ब्राउझरच्या पंधरा-वीस खिडक्या. मालकाची तक्रार दोन शब्दांची: हँग होतो.

‘हँग होतो’ हे निदान नाही, लक्षण आहे. निदानासाठी पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि असल्यास ग्राफिक्स कार्ड यांचे आलेख दिसतात. तो उघडा ठेवून नेहमीचंच काम करावं. मशीन अडकलं त्या क्षणी कोणता आलेख छताला टेकला आहे, ते बघायचं. एकदा बघून भागत नाही. गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि फाइल उघडत नाही, अशा वेळचा आलेख सगळ्यात खरं बोलतो.

आपल्या उदाहरणातल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा डिस्क १०० टक्क्यांवर सापडेल. याचं कारण हार्ड डिस्कच्या बांधणीतच आहे. तिच्यातली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, आणि ते टोक जागेवर सरकायला आणखी काही मिलिसेकंद. तबकडीवर इथेतिथे विखुरलेले बारीक तुकडे वाचायचे असतील, तर सेकंदाला शंभर-सव्वाशेच्या वर मजल जात नाही. आणि विंडोज सुरू होताना नेमके असेच हजारो तुकडे वाचले जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे हेच वाचन सेकंदाला हजारोंच्या घरात जातं. म्हणून हार्ड डिस्कवरून साध्या साटा एसएसडीवर आलं की नऊ वर्षांचं मशीनही ओळखू येत नाही. साटा एसएसडीवरून महागड्या एनव्हीएमई एसएसडीवर गेल्यावर मात्र पत्रिका जुळवणाऱ्याला फारसा फरक कळत नाही. मोठमोठ्या व्हिडिओ फाइल रोज इकडून तिकडे हलवणाऱ्यालाच त्याचा उपयोग.

मेमरीचा आलेख सारखा ८५-९० टक्क्यांवर असेल, तर गोष्ट वेगळी. रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग डिस्कवर लिहून जागा करतं आणि लागेल तेव्हा परत वाचून घेतं. डिस्क तबकडीची असेल, तर रॅमची टंचाई डिस्कच्या आलेखात दिसते आणि दोष भलत्याच भागावर जातो. म्हणून हे दोन आलेख एकत्र वाचावेत. आणखी एक गोष्ट: बोर्डावर रॅमसाठी दोन खाचा असताना पट्टी एकच असेल, तर प्रोसेसर आणि रॅममधला अर्धा रस्ता बंदच राहतो. त्याच जातीची दुसरी पट्टी टाकल्यावर जागाही वाढते आणि रस्ताही पूर्ण उघडतो.

प्रोसेसरचा आलेख मात्र फसवतो. आय५-७४०० मध्ये चार कोअर आहेत. एखादं सॉफ्टवेअर एकाच कोअरवर काम करत असेल, तर तो कोअर पूर्ण दमलेला असतानाही एकूण आकडा २५ टक्केच दिसतो, आणि माणूस म्हणतो, ‘प्रोसेसर तर रिकामाच आहे.’ आलेखावर उजवी क्लिक करून प्रत्येक कोअर वेगवेगळा बघता येतो. तसाच बघावा. शिवाय उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, प्रोसेसर मुळात कमकुवत आहे की तापला आहे, हे आधी ठरवावं लागतं. इंटेलचे हे प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच खाली आणतात. पंख्याच्या पात्यांत आणि हीटसिंकच्या फटींत साचलेली धूळ ब्लोअरने काढून नवीन थर्मल पेस्ट लावली, तर कधी कधी अपग्रेडचा विषयच पुढच्या वर्षावर जातो. हे काम केल्याशिवाय नव्या मशीनचं कोटेशन मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोग कळला. आता औषधावर आज पैसे घालायचे की नाही, याला एक कसोटी पुरते: विकत घेतलेला भाग पुढच्या मशीनमध्ये जाणार आहे का? मॉनिटर, कीबोर्ड, चांगला एसएमपीएस, कॅबिनेट, साटा एसएसडी हे भाग सहज जातात. असा भाग आज घेतला तरी तो नव्या मशीनचाच आगाऊ हप्ता असतो. ‘आता की नंतर’ हा प्रश्न त्यांना लागूच होत नाही. प्रोसेसर आणि बोर्ड एकमेकांशी बांधलेले असतात, त्यामुळे जुन्या बोर्डासाठी घेतलेला प्रोसेसर त्या बोर्डाबरोबरच निवृत्त होतो. रॅमचं उत्तर अर्धं होय, अर्धं नाही असं आहे. त्याकडे नंतर येऊ.

थांबण्याला मर्यादा घालणाऱ्या भिंती दोन. पहिली विंडोजची. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. मशीन त्या दिवशी बंद पडलं नाही, पण सुरक्षेची नवी ठिगळं यायची थांबली. ज्या मशीनवर बँकेचे आणि जीएसटीचे पासवर्ड टाकले जातात, तिथे हे चालवून घेण्यासारखं नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी एक वर्षाची मुदतवाढ आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असेल आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला, तर ती फुकट मिळते. नाहीतर ३० डॉलर मोजावे लागतात.

विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ही यादी, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. आय५-७४०० सातव्या पिढीचा, म्हणजे एका पायरीने हुकला. मात्र आठव्या पिढीचं किंवा त्यापुढचं मशीन असूनही ‘तुमचा पीसी चालणार नाही’ असा निरोप आला, तर घाबरून दुकान गाठू नये. त्या मशीनमध्ये टीपीएम बहुधा प्रोसेसरमध्येच असतं आणि बायॉसमध्ये ते बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने सापडतं, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. ते चालू केलं की पुष्कळ ‘बाद’ मशीनं पास होतात.

दुसरी भिंत सॉकेटची, आणि इथे नशिबाचा भाग मोठा आहे. आय५-७४०० एलजीए११५१ सॉकेटमध्ये बसतो. आठव्या पिढीच्या सॉकेटचं नावही तेच, म्हणून सेकंडहँड आय५-८४०० आणून जुन्या बोर्डावर बसवायचा मोह होतो. इंटेलने मात्र त्या पिढीला ३०० मालिकेचे नवे चिपसेट सक्तीचे केले. एच११० वर तो प्रोसेसर चालत नाही. त्याच २०१७ साली शेजारच्या दुकानदाराने एएमडीचं एएम४ सॉकेटचं मशीन घेतलं असेल, तर त्याचं नशीब उघडलं आहे. एएमडीने २०२२ मध्ये जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही रायझन ५००० चा आधार दिला. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने नवं बायॉस काढलं असेल, तर आधी बायॉस अपडेट करून नुसता प्रोसेसर बदलायचा. तोच बोर्ड, तीच डीडीआर४ रॅम आणि वर विंडोज ११. असं मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांनी नवीन काहीच बघू नये.

आता बाजार. रॅमचे भाव एरवी हळूहळू उतरत असतात, पण मध्येच कधीतरी उसळतात. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानला भूकंप झाला आणि रॅम महागली. २०११ च्या पावसाळ्यानंतर थायलंडमध्ये पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि डिस्कचे भाव पूर्ववत व्हायला वर्षाहून अधिक लागलं. २०२०-२१ मध्ये क्रिप्टो-खाणवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं उचलली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने खाणकामाची पद्धतच सोडली आणि तीच कार्डं सेकंडहँड बाजारात आली. अशा वेळी महागलेला तेवढा भाग वगळून बाकीचं घ्यायचं, ही जुनी आणि शहाणी रीत.

२०२५ ची उसळी याहून वाईट आहे, कारण तिच्यामागे पूर किंवा भूकंप नाही, गिऱ्हाईक आहे. जगात रॅमच्या चिपा बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना एचबीएम जातीची मेमरी लागते. ती तितक्याच क्षमतेच्या डीडीआर५ पेक्षा सुमारे तिप्पट सिलिकॉन खाते, आणि तिला भावही चांगला मिळतो. साहजिकच कारखाने तिकडे वळले. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात डीडीआर५ चे किरकोळ भाव दुपटीच्या पुढे गेले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल हा आपला किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. डीडीआर४सुद्धा स्वस्त राहिली नाही, कारण कंपन्या तिचं उत्पादन आवरतं घेत आहेत. एसएसडीत लागणाऱ्या फ्लॅश चिपांचे भावही वर सरकले. गुजरातमधल्या साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, त्याने फरक पडेल का, असं काहीजण विचारतात. तिथे चिपांची जुळणी आणि तपासणी होते. चिप मुळात तिथे घडत नाही, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नये. मेमरीचा नवा कारखाना उभा राहून माल बाहेर पडायला काही वर्षं जातात. तेव्हा ‘दोन-तीन महिने थांबतो, भाव उतरतील’ या आशेला सध्या आधार नाही.

म्हणून रॅमच्या बाबतीत थांबायचं नाही, टाळायचं. बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी चालवणाऱ्या इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे बोर्ड दोन प्रकारचे निघाले, काही डीडीआर५ चे आणि काही डीडीआर४ चे. एच६१० चिपसेटचा डीडीआर४ बोर्ड आणि आय५-१२४०० हा जोड घेतला, तर सहा कोअर मिळतात, विंडोज ११ बिनबोभाट चालतं आणि २०१७ ची रॅम तशीच उचलून नव्या बोर्डावर लावता येते. एएमडीच्या एएम५ वर हे जमत नाही, तिथे डीडीआर५ च लागते. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे जबरदस्तीने बसवायचा प्रयत्नसुद्धा करू नये. बिलावर प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ आहे का तेही बघावं. १२४००एफ थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड घेतल्याशिवाय पडदा काळाच राहील.

दुसरी वाट रिफर्बिश्ड मशीनची. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दिल्लीत नेहरू प्लेसला आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या गावांत मिळतात. आठव्या-नवव्या पिढीचं, १६ जीबी रॅम असलेलं मशीन बघावं. रॅम महाग असताना आतल्या रॅमसकट मिळणारं जुनं मशीन तुलनेने स्वस्त पडतं, कारण रॅमच्या आजच्या भावाचा हिशेब त्यात पूर्ण उतरलेला नसतो. फक्त या ब्रँडेड मशीनमध्ये एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. उद्या एसएमपीएस जळाला, तर कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा एसएमपीएस बसेलच असं नाही.

थांबून वाचणारे पैसे आणि थांबून जाणारे पैसे, यांचा हिशेब कागदावर मांडावा. समजा सहा महिने थांबल्याने चार हजार रुपये वाचतील असा अंदाज आहे. दुकानात एक तास कामाची किंमत १५० रुपये धरली आणि अडकणाऱ्या मशीनमुळे रोज पंधरा मिनिटं वाया जात असली, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत सव्वासहा तास गेले. म्हणजे ९३७ रुपये ५० पैसे, आणि सहा महिन्यांचे ५,६२५. थांबणं इथे तोट्याचं. हाच हिशेब फक्त मुलांच्या प्रोजेक्टसाठी आणि लाइट बिल भरण्यासाठी लागणाऱ्या घरच्या मशीनला लावला, तर उत्तर बरोबर उलटं येतं. तिथे एसएसडी टाकून मुदतवाढीचं वर्ष निवांत काढावं, किंवा लिनक्स मिंट बसवून बघावं. मराठी टायपिंग त्यावर उत्तम होतं. श्री-लिपीवर पोट असलेल्याला मात्र तो रस्ता नाही.

तेव्हा आपल्या डीटीपीवाल्याने काय करावं? आधी धूळ काढावी. मग ५०० जीबीची साटा एसएसडी आणि डीडीआर४ ची आणखी एक ८ जीबीची पट्टी घ्यावी. पट्टी सेकंडहँड चालेल, फक्त दुकानात लावून, चालवून बघावी. दोन्ही भाग पुढच्या बोर्डावर जाणार आहेत. नऊ वर्षांचा एसएमपीएस मात्र पुढे नेऊ नये, विशेषतः कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असेल तर. बोर्ड आणि प्रोसेसर बदलण्याआधी श्री-लिपीच्या आपल्या आवृत्तीचं आणि तिच्या डोंगलचं विंडोज ११ वर जमतं का, ते कंपनीला फोन करून विचारून घ्यावं. वीस हजारांच्या हार्डवेअरपेक्षा हा अडथळा मोठा ठरू शकतो. आणि लग्नसराई ऐन भरात असताना चालत्या मशीनला हात लावू नये. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. लग्नाचे मुहूर्त नसतात, दुकान थंड असतं. बदलाच्या उलथापालथीला तो महिना सोयीचा.

तो महिना हुकला, तर पुढचं गणित करखात्याचं आहे. जे दुकानदार हिशेबाची वही ठेवून विवरणपत्र भरतात, त्यांना संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. मशीन त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल, तर निम्माच. ३१ मार्चपासून उलटं मोजलं की तारीख येते ३ ऑक्टोबर. (अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत असलेल्यांना हा फायदा वेगळा मिळत नाही. तसंच जीएसटीच्या कंपोझिशनवाल्यांना मशीनवर भरलेल्या १८ टक्क्यांची वजावट नाही.) म्हणजे विंडोज १० ची मुदतवाढ १३ ऑक्टोबरपर्यंत पुरेपूर वापरून मग मशीन घेणारा दहा दिवसांसाठी अर्धा घसारा गमावतो. त्यात २०२६ मध्ये २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर पितृपक्ष आहे, आणि त्या पंधरवड्यात नवी वस्तू घरी न आणणारे अजून कमी नाहीत. त्याआधीचे बारा दिवस गणपतीचे, आणि फ्लेक्सवाल्याला त्या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते. उरतो ऑगस्ट. तोपर्यंत मुदतवाढ चालू करून ठेवावी, आणि एच६१० चा डीडीआर४ बोर्ड दुकानात आहे का याची चौकशी मात्र आत्तापासूनच करावी, कारण जुनी रॅम घेणारे बोर्ड यापुढे वाढणार नाहीत.